पायाळू माणसाची पाठ

आई, दिवाळीपासून माझी मान धरली आहे. परभणीच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, मणक्यांची झीज वयाला साजेशीच आहे म्हणाले आणि मग भलतंच विचारू लागले. झोप लागते का, बसून किती काम असतं, चालणं होतं का, मान हलवायची भीती वाटते का, डोक्याला काही घोर आहे का. झीज तेवढीच असली तरी दुखणं या सगळ्यानं कमीजास्त होतं, म्हणाले. बाकीची उत्तरं खरी दिली. घोर मात्र नाही म्हणालो. तुझ्या सुनेच्या गळ्याजवळची गाठ तपासायला दिली आहे, रिपोर्ट यायचा आहे.

त्यांचे प्रश्न ऐकताना तू आठवलीस. तू पायाळू, पायांकडून जन्मलेली, म्हणून मानवतच्या आसपास कुणाच्या पाठीत उसण भरली की तो तुझा पाय लावून घ्यायला आपल्या दारात यायचा. कापूस वेचणीच्या दिवसांतली एक सकाळ आहे. शेजारची सून वाकडी होत येते आणि ओसरीवर पालथी पडते.

"मावशी, लावा पाय लवकर. बाया रानात चालल्यात."

"लावते गं. रात्री झोपलीस का?"

"कशाची झोप? सासूबाई रातभर खोकायल्यात, अन् हे पालमला जाऊन बसलेत. निरोप न्हाई, काई न्हाई."

"मग कंबर धरंल न्हाईतर काय करंल?"

तू तिच्या कमरेला हलकेच पाय लावतेस, तिला चहा देतेस. ती रडते, नवऱ्याला दोन शिव्या घालते आणि सरळ चालत निघते.

"लय गुण हाय मावशी तुमच्या पायाला!"

"पायाला न्हाई, चहाला," तू म्हणतेस. तुला चौकशा करायची हौस होती, वैद्यकी येत नव्हती.

तुझी स्वतःची पाठ दुखायची तेव्हा पंचाईत व्हायची, कारण गावात दुसरं पायाळू कुणी नव्हतं. मग तू मला बोलवायचीस, "ये, पाठ तुडव." मी भिंतीला धरून तुझ्या पाठीवर चालायचो आणि तू जमिनीकडे तोंड करून बोलत राहायचीस. मामा आला नाही, म्हैस आटली, अण्णांना पुन्हा ताप आहे. मला त्यातलं निम्मंच कळायचं. बोलणं संपलं की तू म्हणायचीस, "उतर आता, मोकळं वाटायलंय."

तुझी सून मला रोज विचारते, मान कशानं धरली. मी उशीचं नाव सांगतो. तिनं तीन उशा बदलून पाहिल्या. आज दुपारी चौथी आणली, रात्री झोपायच्या वेळी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "ही शेवटची. आता बोला, मला काय होईल म्हणून घाबरलात ते." मी म्हणालो, एक लेख द्यायचा आहे, आणि इथे आतल्या खोलीत येऊन बसलो. लेख कालच दिला, आई. तुला सांगणं सोपं जातं, कारण तू आता घाबरणार नाहीस. ती घाबरेल. पण ती बाहेर जागीच आहे, आणि हे सगळं तिलाच सांगायचं होतं.