उजव्या टाकीचं झाकण

३ ऑक्टो., शुक्रवार. दुपारी.

आजच लिहितो. एअरफोर्समध्ये पहिल्या वर्षी एका वॉरंट ऑफिसरनं सांगितलं होतं, घडल्या दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या सोयीनं आठवतो.

स. ७-१० ला विमान सुटलं. आत मालक आणि पायलट शर्वरी, दोघंच. पुण्यात नऊला मालकांची मीटिंग. मी शेडपुढं उभा होतो. चाकं उचलली, तीनेकशे फूट वर गेलं असेल, आणि इंजिनाचा आवाज तुटला. आला. परत तुटला. मग आलाच नाही.

पोरगी वळली नाही. एवढ्या खाली इंजिन गेलं की मागं वळून धावपट्टी गाठायचा मोह होतो, आणि त्या वळणातच विमान कलंडून माणसं जातात. तिनं नाक खाली घातलं आणि सरळ समोरच्या उसात नेलं.

पळालो. उसात वाट सापडेना. मालक बाहेर येऊन बांधावर बसलेले, खांदा धरून. शर्वरी आतच. पेट्रोलचा वास. "काका, पाय कळंनात मला," म्हणाली. रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

पेटलं नाही. देवाची कृपा म्हणायची की...


तीच तारीख. संध्या. ६

महादेवी विचारते, "काय बिघडलंतं?" म्हणालो, म्हाईत न्हाय. बायकोशी खोटं बोललो असं नाही. पण खरं बोललो असंही नाही.

आता कालचं नीट.

काल दसरा. सकाळी पान्यांची, पेटीची पूजा केली, पंख्याला झेंडूचा हार घातला. दु. ४ ला दोन्ही टाक्या भरल्या. डावी भरली, झाकण लावलं, कट्ट आवाज आला, लक्षात आहे. उजवी भरली आणि फोन वाजला. महादेवी. "अण्णा आलाय गडहिंग्लजहून. सोनं द्यायला माणसं यायल्यात, तुम्ही कुठं?" फोन खांद्यात धरून बोललो. नंतर पंख फडक्यानं पुसल्याचं आठवतंय. मधलं?

झाकण फिरवणारा माझा हात मला दिसतो, स्पष्ट दिसतो. पण तो कालचाच की नऊ वर्षांतला कुठलाही, ते कळत नाही.

रात्री पाऊस झाला. शेडचे पत्रे बदलायला काढलेत, म्हणून विमान उघड्यावर.

आज मी सहाला पोचायला पाहिजे होतो. मेव्हण्याला, अण्णाला, स्टँडवर सोडून पोचलो तेव्हा पावणेसात. मालक सीटवर, कानाला फोन. शर्वरी पंखाखालून बाहेर येत होती. म्हणाली, "काका, झालंय का सगळं?"

मी म्हणालो, "झालंय."

मला म्हणायचं होतं, पेट्रोल भरून झालंय. टाकीच्या बुडाला तोटी असते, रोज सकाळी पेल्यात थोडं पेट्रोल काढून बघायचं. विमानाचं पेट्रोल निळं, पाणी शिरलं असेल तर खाली वेगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम. आधी मी बघतो, मग ती. आज मी बघितलं नाही. ती पंखाखालून येताना दिसली म्हणून वाटलं, तिनं बघितलं.

तिला काय वाटलं असेल?


४ ऑक्टो., शनि.

सकाळपासून चार वेळा गाडी काढली, चार वेळा परत लावली. हॉस्पिटलला जायचं धाडस नाही.

चहाच्या गाड्यावर एकजण, "पावणं, तुमीच न्हवं इमानाचं मिस्त्री? पंख्याला हार घातलासा म्हणं. फूल गेलं असंल आत!" दुसरा म्हणाला, "बाई चालवत हुती की." सगळे हसले. चहा तसाच ठेवून आलो. त्याला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. काय बोलणार होतो मी?


५ ऑक्टो., रवि.

गेलो शेवटी. शर्वरीला झोपेचं औषध दिलेलं. काल पाठीचं ऑपरेशन झालं. बाहेर तिचे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. शेजारी बसायला जागा करून दिली.

"एकतीस वर्षं गाडी मारली. गगनबावड्याचा घाट, पावसाळ्यात, धुक्यात," म्हणाले. "एक खरचटा न्हाय. लोक म्हणायचे, नशीब. नशीब कसलं? रोज पहाटे मी सोता ब्रेक दाबून बघायचो. मेकॅनिकनं सांगितलं असलं तरी."

मग माझ्याकडं वळले.

"तुमच्यावर लई विश्वास तिचा. घरी सारखं काका काका. आता तुम्हीच सांगा, मशीन हुतं का माणूस?"

"चौकशी हुईल की," म्हणालो.

"व्हय. हुईल." मग माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांना कळलं असावं. किंवा मलाच तसं वाटतंय. हल्ली सगळ्यांनाच कळलंय असं वाटतं, दूधवाल्यालासुद्धा.


७ ऑक्टो., मंगळ.

चौकशीचे अधिकारी आले, दोघे. त्यातल्या मोठ्या साहेब बाई आहेत, पन्नाशीच्या, हळू बोलतात. इंजिनाखालची गाळणी माझ्यासमोर उघडली. आतलं काचेच्या भांड्यात ओतलं.

पाणी. अर्ध्याहून जास्त पाणी.

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, ते बरं झालं.

उजव्या टाकीचं झाकण उसात सापडलं, विमानापासून तीसेक फुटांवर. कडी वाकलेली. मी विचारलं, "आधीपासून सैल होतं का?" बाई म्हणाल्या, "आपटून निघालं की आधीच सैल होतं, हे आता कदाचित कधीच सांगता येणार नाही."

म्हणजे कधीच कळणार नाही. मला वाटलं होतं हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल.

परवा जबाब.


८ ऑक्टो., बुध.

मालकांनी बंगल्यावर बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. फौंड्रीत साचे भरणाऱ्या साध्या मोल्डरपासून वर आलेला माणूस, वाईट नाही. माझ्या बायपासच्या वेळी तीन दिवस हॉस्पिटलात येऊन बसायचा.

टेबलावर शुक्रवारचा तपासणीचा कागद. मी भरलेला नव्हता. भरायला वेळच कुठं होता.

"मगदूम, हे पुरं करा. सही करा. सहा वाजता बघितलं, टाकी साफ हुती."

"मी पावणेसातला आलो मालक."

"ते मला म्हाईत हाय. गेटवर कोण लिहून घेतंय? मी तुमच्यासाठी म्हणतोय. तुमचा कागद पुरा असला की तुमच्यावर काय येत न्हाय."

"मग कुणावर येतंय?"

त्यांनी गळ्यातला हात सावरला. "पायलटनं बघायचंच असतंय की. शेवटची जबाबदारी तिचीच. नियमच हाय तसा."

नियम आहेच. खोटं काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "घाई मी केली. मीटिंग अकराला सुद्धा चालली असती. हे मी बायकोला बी सांगितलं न्हाय." डोळे भरले होते. त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास भरला, आणि मनात आलं, हेच ते, साधं, स्वच्छ पाणी.

कागद खिशात घालून आणला. कोरा.


८ ऑक्टो. संध्या.

जुनी वही काढली. सर्व्हिसमध्ये आणि नंतर, लहान विमानांचे अपघात वाचले की दोन ओळी लिहून ठेवायचो. दोन तास वाचत बसलो.

पेट्रोल संपलं, मोजलं नव्हतं. पेट्रोल होतं, पण दुसऱ्या टाकीत, टाकी बदलायची चावी फिरवायची राहिली. ढगात शिरला, घरी वाट बघत होते म्हणून, डोंगर लागला. उन्हाळ्यात चार माणसं आणि सामान, धावपट्टी पुरली नाही. वळताना वेग सांभाळला नाही. शेतावर खाली घिरट्या, तारेत अडकला. पाणी, पाणी, परत पाणी. इंजिनाचा तुकडा आपणहून मोडला अशा नोंदी शोधाव्या लागतात.

एका पानावर माझ्याच अक्षरात, "असा निष्काळजीपणा होतोच कसा?" खाली दोन रेघा मारलेल्या. वय त्या वेळी तीस. फार शहाणा होतो.


९ ऑक्टो., गुरु.

महादेवीला सगळं सांगितलं. फोनचंही. ती पीठ मळत होती, हात थांबले.

"म्हणजे मी फोन केला म्हणून?"

"न्हाय गं."

"मग असं सांगा की, फोन आला हुता म्हणून सांगा. माझं नाव घाला. मला कोण काय करतंय?"

"झाकण लावायचं काम तुझं न्हवतं."

मग चिडली. "खरं बोलून तिचं पाय येणार हायत का? तुमचं लायसन्स जाईल. चौपन्नाव्या वर्षी काय करणार हायसा?" थोड्या वेळानं आली, डबा भरून दिला. "जावा. उपाशी नका जाऊ."

जबाब दु. १२ ला. बाईंनी विचारलं, "सकाळी टाकीतून पेट्रोल काढून बघितलंत?" नाही. "झाकण लावलंत?" लावलं असं वाटतंय, पण ते आठवतंय का सवयीनं वाटतंय, सांगता येत नाही. "पायलटशी काय बोलणं झालं?"

जसं झालं तसं सांगितलं. तिनं काय विचारलं, मी काय म्हणालो. बाईंनी 'झालंय' लिहिलं. मग म्हणाल्या, "याचा अर्थ काय होता?" म्हणालो, "मॅडम, मी एक म्हणालो. तिनं दुसरं ऐकलं असणार."

कोरा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. कुणी दिला ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे बरोबर केलं का? माहीत नाही.


२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.

घरात बसवेना. कळंब्याच्या तलावापर्यंत चालत गेलो, आलो, परत गेलो. फटाका वाजला की खांदे उडतात.

मालकांनी शेडची किल्ली मागवून घेतली. फराळाचा डबा मात्र दरवर्षीसारखा आला.


२७ ऑक्टो., सोम.

शर्वरी बोलली. पलंगाची उशाकडची बाजू उचललेली, केस कापलेले. डाव्या पायाला थोडं कळतंय, उजव्याला नाही. डॉक्टर वेळ लागेल म्हणतात. किती, ते सांगत नाहीत.

मी सुरुवात केली, "पोरी, त्या दिवशी सकाळी मी—"

"थांबा काका. आधी मी. मी बघितलंच न्हवतं. पंखाखाली चाकाची हवा बघायला वाकलेली. मालक 'चला चला' करत होते. तुम्ही झालंय म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं की मी परत विचारलंच नाही. मी तसंच लिहून दिलंय. शेवटची जबाबदारी माझी."

"मी पण लिहून दिलंय."

"काय?"

सांगितलं. ऐकत गेली आणि चेहरा कठीण झाला. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल.

"म्हणजे तुम्ही बघितलंच नव्हतं? तीन आठवडे मी धरून चाललेय की तुम्ही बघितलं होतं, पाणी नंतर कुठूनतरी आलं. बाबांशी भांडले मी तुमच्यासाठी." मग भिंतीकडं मान वळवली. "जावा आता काका. प्लीज."

वडील जिन्यापर्यंत आले. तिथं काढलेली माझी चप्पल उलटी पडली होती, ती पायानं सरळ करून दिली.


८ नोव्हें., शनि.

फोन नाही. मीही केला नाही. जेवण जात नाही. महादेवी म्हणते, "तुम्हाला माफी पायजे का तिचे पाय, एक काय ते ठरवा." रागानं म्हणाली, पण दिवसभर तेच डोक्यात.


१४ नोव्हें., शुक्र.

चौकशीचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी पुण्याला हजर राहायचं. मला आणि शर्वरीला, दोघांनाही, एकाच खोलीत, एकाच वेळी, सगळं पुन्हा सांगायचं. लायसन्सचं त्यानंतर ठरेल. माझं, तिचं, की दोघांचं.

संध्या. ५ ला फोन. शर्वरी.

"पत्र आलं का तुम्हाला?"

"आलं."

"बाबा मोठी गाडी ठरवायलेत, व्हीलचेअर मावणारी. एक सीट रिकामी राहतेय." थांबली. "मी अजून रागात आहे काका. ते गेलं म्हणून बोलावत नाही."

"मग?"

"एकटीनं त्या खोलीत जायला भीती वाटते."

येतो म्हणालो. वडिलांनी फोन घेतला. "सकाळी सहाला निघायचं," म्हणाले. "गाडी परक्याची हाय, टायर, ब्रेक बघायला मी जरा आधी येईन. तुम्ही पण या."

साडेपाचला जाईन. चार तासांचा रस्ता आहे. काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.