तेमुरच्या वळणावरची बाटली

४ मे, रविवार
आज पुन्हा वर गेलो. बाद्री गाडी इतकी हळू चालवतो की कोणाच्या तरी गायी आम्हाला मागे टाकून गेल्या! म्हणतो, "घाई कसली, सियाला? डोंगर बघ की." बघितले. बर्फ वितळतंय, एनगुरी नदी खाली गढूळ झालीय, सगळं स्वानेतीचं खोरं हिरवं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं मला आवडायचं.

तेमुरच्या वळणावर थांबलो, आमचा पोरगा गेला तिथे. दगडावरचा त्याचा फोटो पुसला. दगडापाशी मांडलेल्या टेबलाजवळच्या पत्र्याच्या कपाटातली दारूची बाटली रिकामी! बाद्री केवढा खूश. "बघ, पोराच्या नावाने थांबतात लोक, घोट घेतात." नवी भरलेली ठेवली. परतीच्या वाटेवर इतरांच्या मेलेल्या पोरांचे असेच दगड, अशाच बाटल्या. तिथे न थांबता कसं जायचं? त्यांच्या आयांना काय वाटेल? प्रत्येक ठिकाणी बाद्रीने एकेक घोट घेतला. मग आणखी हळू चालवतो, आणि त्यालाच सावधपणा समजतो. मी सगळा वेळ दाराची मूठ धरून.

७ मे
म्हटलं, कपाटात पाणी ठेवू या. बाद्री भडकला. "मेलेल्याचं नाव पाण्याने घेतात? लोक तोंडावर थुंकतील!" मग एकदम म्हणाला, "गाडी चालवताना तेमुर शुद्धीत होता. दरड आली वरून."
मी कुठे काय म्हटलं होतं?

८ मे
अबोला. सूप खारट झालं, तरी गुपचूप प्यायला.

१८ मे, रविवार
वळणावर ओतार भेटला. तेमुरच्या वर्गातला. व्हॅनमध्ये राजधानीतली, त्बिलिसीची माणसं, डोंगर दाखवायला निघालेला. बाद्रीने लगेच पेला भरला. मी म्हटलं, "ओतार, गाडीत माणसं आहेत रे."
"एकच हो मावशी! न पिता गेलो तर तेमुर वरून शिव्या घालेल." पहिला तेमुरसाठी. मग बाद्री म्हणाला, दुसरा तेमुरच्या आईसाठी. ओतार माझ्याकडे बघून, उभा राहून प्यायला.
खरं लिहिते – बरं वाटलं. पुन्हा अडवलं नाही त्याला.

२२ मे
ओतार गेला.
आमच्या वळणापासून थोडं खाली, व्हॅन सरळ नदीत. पाहुण्यांना वर मेस्तिया गावाला सोडून एकटाच उतरत होता. देवा! हसताना तोंडावर हात धरायचा, पुढचा दात तुटलेला म्हणून.
बाद्री बाकीच्या बाप्यांबरोबर दोर घेऊन गेला. संध्याकाळी आला. "ब्रेक गेला असणार." दोनदा म्हणाला. कोटाच्या खिशातून बाटलीचं तोंड दिसत होतं. आमचीच, कपाटातली. अर्धी.


२५ मे, रविवार
पहिल्यांदाच वर गेलो नाही. बाद्री अंगणातल्या गाडीत जाऊन बसला, चावी न फिरवता. मीही शेजारी बसले. समोर कोंबड्यांचं खुराडं, तेच बघत राहिलो.
म्हटलं, "कपाट काढून टाकू या, बाद्री." मग, "उद्या काढतो. माझा मीच काढतो." रडला. लग्नापासून त्याला असं रडताना बघितलं नव्हतं, तेमुरच्या वेळीही नाही.

२६ मे
काढलं. पत्रा गोठ्यामागे टाकलाय. रात्री दोघांनाही झोप लागली.

३१ मे
ओतारची आई आली होती. एतेरी. काळ्या कपड्यांत एवढीशी झालीय. मला वाटलं, आता बोलेल, तोंडावर थुंकेल. तिने माझे हात धरले.
"त्या दिवशी त्याची व्हॅन तुमच्या तेमुरपाशी उभी होती म्हणे. शेवटचा घोट मित्राजवळ घेतला माझ्या पोराने. तुमचे उपकार आहेत." मग म्हणाली, "उद्या रविवार. वर जाल ना? मला पण न्या, सावकाश न्या. ओतारच्या वळणावर ठेवायला बाटली भरलीय मी."
बाद्री हो म्हणाला. मीही हो म्हणाले.