आम्ही येऊन गेलो

प्रिय भांडकुदळे,

बारा वर्षांनी तुला या नावानं हाक मारते आहे. राग आला तरी पत्र शेवटपर्यंत वाच. तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते, चहा गार होतो आणि उठते. काकूंना जाऊन दोन महिने झाले तरी तुला दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांना फोन करायची सवय सुटत नाही, असं तू लिहिलं आहेस. पुढे लिहितेस, की तुमचं माणूस रोज तिच्या दारात येत होतं, आई झोपेत शांतपणे गेली, यापेक्षा मला काय हवं होतं? आणि अगदी खाली, पान संपता संपता, की तेव्हा तूच बरोबर होतीस, मीच उगाच हटून बसले, आता मनात तुझ्याबद्दल राग उरला नाही. तुझ्या तोंडून ‘माझं चुकलं’ ऐकायची मला चाळीस वर्षं केवढी हौस होती! आता ते कागदावर आलं आहे आणि माझ्या घशाखाली उतरत नाही. काकूंबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. ते एकदम सांगण्याइतकी हिंमत माझ्यात नाही, मला जरा लांबून यावं लागेल. पण याच पत्रात सांगणार आहे. तसं इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आधी तुझ्या लेकीचं. तिनं मला अकरा प्रश्न पाठवले आहेत, तेही टाइप करून, क्रमांक घालून. संस्था सुरू कशी करायची, वाढवायची कशी, आपल्या कामानं खरंच फरक पडतो हे मोजायचं कसं, थकून न जाता वीस वर्षं कसं टिकायचं. चांगली नोकरी सोडून तिला मावशीच्या संस्थेत यायचं आहे, आणि तू हो म्हणाली आहेस. असले प्रश्न मला नवे नाहीत. हल्ली मला ठिकठिकाणी बोलावतात, तरुण मुलं वह्या उघडून बसतात आणि मी माझं पाठ झालेलं भाषण देते. पहिल्या दिवसाची गोष्ट कुठे सांगायची, हशा कुठे येणार, डोळे कुठे पुसायचे, सगळं ठरलेलं. तू समोर असतीस तर तिसऱ्याच वाक्याला जांभई दिली असतीस.

अशाच एका कार्यक्रमात मला कृत्रिम पायांचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ भेटले होते. तीस वर्षं त्यांनी फुकट पाय बसवून दिले. एकदा त्यांच्या मनात आलं, आपल्या जुन्या लोकांना घरी जाऊन भेटावं. गेले, तर बहुतेक घरांत पाय दारामागे खुंटीला टांगलेला. एका घरात तर वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याचा अडसर केलेला. टोचतो, चावतो, म्हणून कोणी घालतच नव्हतं, आणि ते सांगायला कोणी कारखान्यापर्यंत कुबड्यांवर कशाला येईल? त्यानंतर त्यांनी भाषणं बंद केली. जेवताना हे सगळं त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं. मी मान हलवत ऐकलं आणि मनात म्हणाले, बिचारे, त्यांच्याकडे नोंदी नीट ठेवल्या जात नसणार.

आपल्याकडे नोंदी होत्या ना! तुला आठवतं, आपण दोघी रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत होतो. घरी सोडलेली म्हातारी माणसं आठवड्यात परत यायची, नाहीतर यायचीच नाहीत, आणि दोन्हीची नोंद आपणच करायचो. म्हणून कामावर जायच्या आधी रोज अशा माणसांना बघून यायला अकरा घरं तू आणि मी वाटून घेतली. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण पहिला तक्ता आखला. काकू भाजी निवडत होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई, त्यांना आपल्या तक्त्यातला ‘भेट दिली’ हा शब्द पसंत पडला नाही. त्या म्हणाल्या, “घंटी वाजली म्हणजे फोन लागला असं नाही गं. पलीकडून आवाज आला, की मगच लाइन जोडली म्हणायचं.” म्हणून रकान्याचं नाव पडलं ‘भेटलो’. भेटले की भेटलो यावर तू अर्धा तास वाद घातलास, आणि शेवटी संस्था म्हणजे निदान दोघी तरी आहोत म्हणून ‘आम्ही भेटलो’ ठरलं. चेहरा दिसला आणि दोन वाक्यं कानावर पडली तरच खूण करायची. चौकोन रिकामा राहिला, तर त्याच दिवशी शेजाऱ्याकडची किल्ली घेऊन आत जायचं. हा किल्लीचा नियम तुझा होता.

त्या किल्लीनं आपण सात माणसं वाचवली. त्यातली पाच मी अजून भाषणात सांगते.

मग ते मोठ्या संस्थेचे लोक आले. त्यांना आपलं काम सगळ्या शहरात हवं होतं, आणि मला तर ते स्वप्नच होतं. अडचण एवढीच होती, की एक बाई सकाळभरात बावीस दारं करायची आणि त्यांना चाळीस हवी होती. म्हातारं माणूस खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला चार मिनिटं घेतं. ती चार मिनिटं कुठून आणणार? मी एका दुपारी बसून रकाना बदलला. ‘भेटलो’चं ‘पोहोचलो’ केलं. दार वाजवायचं, उघडलं तर ठीक, नाही उघडलं तर त्या दिवसाची तारीख घातलेलं कार्ड फटीतून आत सरकवायचं आणि खूण करून पुढच्या जिन्याला लागायचं. कार्डावरचा मजकूरही माझाच. ‘आम्ही येऊन गेलो. काळजी घ्या.’ किती खूश होते मी त्या दोन वाक्यांवर! तू तक्ता पाहिलास आणि एवढंच विचारलंस, की आता रिकामा चौकोन उरेल कसा? मी म्हणाले, उरणारच नाही, तेच तर हवं आहे. त्यानंतर काय काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तू तुझा कप उचलून निघून गेलीस. बशी अजून माझ्या टेबलावर आहे, टाचण्या ठेवायला वापरते.

तू दुसऱ्या शहरात शाळेत लागलीस. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. आपलं बोलणं बंद होतं तरी मी तुला दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं, की काकू माझ्या यादीत आहेत, तू निर्धास्त राहा. तू निर्धास्त राहिलीस. माझ्यावर एवढा राग असूनही तू माझ्या शब्दावर विसंबलीस, हे मला रोज आठवतं.

त्यांच्या जिन्यावर आमची घड्याळबाई जायची. आधी ती एका धुलाई कारखान्यात होती. आमच्याकडे आल्यापासून अकरा वर्षांत तिनं एकही दिवस बुडवला नाही, आणि ती दिसली की लोक घड्याळं लावून घेतात म्हणून हे नाव. काकूंचं आणि तिचं रोजचं एक भांडण असायचं. ती घाईत दार वाजवता वाजवताच कार्ड आत सरकवायची. काकू सावकाश येऊन ते खालच्या फटीतून तसंच बाहेर ढकलायच्या आणि मग दार उघडून म्हणायच्या, “हे माणूस घरी नसताना टाकायचं असतं. मी आहे ना? घे परत.” घड्याळबाई येऊन मला तक्रार सांगायची, की ताई, त्या आजी कार्ड ठेवूनच घेत नाहीत. आम्ही सगळ्या हसायचो. काकूंचं डोकं अजून एक्स्चेंजमध्येच आहे, असं मी म्हणायचे.

आता सांगते. काकू झोपेत गेल्या नाहीत. त्या रविवारी संध्याकाळी पडल्या. दाराशीच, चपलांच्या खणाजवळ. कमरेचं हाड मोडलं होतं. रेडिओ चालू होता, तो तसाच चालू राहिला. शेजारचे शिंपीकाका, ज्यांच्याकडे तुमची किल्ली असते, ते त्या आठवड्यात मुलीकडे गेले होते. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी घड्याळबाई वेळेवर गेली. आतून रेडिओ ऐकू येत होता, म्हणून तिला वाटलं, आजी मजेत आहेत, न्हाणीघरात असतील. तीनही दिवस खूण झाली. पोहोचलो, पोहोचलो, पोहोचलो. गुरुवारी शिंपीकाका परत आले. रेडिओ थांबेना म्हणून त्यांनी किल्ली लावली, आणि दार पुरतं उघडेना. कार्डावर माझा नंबर असतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी दुपारनंतर कधीतरी गेल्या.

तू शुक्रवारी आलीस तेव्हा त्या पलंगावर होत्या. त्यांना पलंगावर मी निजवलं होतं. केस मी विंचरले. झोपेत गेल्या हे वाक्य मी बनवलं आणि शिंपीकाकांच्या तोंडी घातलं. तेव्हापासून ते जिन्यात दिसले तरी माझ्याकडे बघत नाहीत. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, की हे बाहेर पडलं तर संस्था बुडेल, हजारो म्हाताऱ्यांचं काय होईल? थाप होती गं ती. तू दारात उभी होतीस आणि मला तुझ्यासमोर हरायचं नव्हतं, एवढंच खरं.

तरीही कदाचित मी हे पत्र लिहिलं नसतं. तुझी क्षमा गिळून, तुझ्या लेकीला ऑफिसात खुर्ची देऊन गप्प बसले असते. असं करणारी बाई आहे मी, हे आता मला माहीत झालं आहे. पण नऊ दिवसांपूर्वी, तुझं पत्र ज्या दुपारी आलं त्याच दुपारी, घड्याळबाई कपाटातली कार्डं मोजत माझ्याशेजारी बसली होती. काकूंचा विषय निघाला. काकू झोपेत गेल्या असंच मी तिलाही सांगितलं आहे, तेव्हा ती अगदी साधेपणानं बोलत होती. म्हणाली, आजी शेवटपर्यंत भारी होत्या हो. त्या बुधवारी मी गेले, तर मंगळवारचं कार्ड फटीतून अर्धं बाहेर आलेलं. मला वाटलं वाऱ्यानं सरकलं असेल, म्हणून बोटानं आत ढकललं, नवं टाकलं आणि पुढे गेले. मग ती पुन्हा कार्डं मोजायला लागली. त्या गुरुवारी काकूंच्या मुठीतून आणि मुठीजवळून मी तीन कार्डं काढून घेतली होती. ती माझ्या पर्समध्ये होती, आणि त्यातल्या एकाचा कोपरा बाहेरच्या बाजूनं दुमडलेला का आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. काकू रोजच्यासारखं कार्ड परत देत होत्या. मी आहे ना, घे परत. ते आम्ही आत ढकललं. घड्याळबाईला यातलं काही कळलेलं नाही, आणि तिला दोष देऊ नकोस, तिनं माझा तक्ता भरला. तू मला क्षमा केलीस ती या गोष्टीच्या आधीची आहे, म्हणून ती परत पाठवते आहे. लेकीच्या अकरा प्रश्नांना माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. हे पत्र तिला वाचायला दे, मग तिला यायचं की नाही ते ठरवू दे. सोमवारी मी ऑफिसात सगळ्यांना हेच सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. तीनही कार्डं या पाकिटात ठेवली आहेत. दुमडलेलं मंगळवारचं आहे.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
बशीवाली