सर फल्कच्या जन्माचे साक्षीदार

५ एप्रिल १९५४

दुपारच्या बसने स्कॅल्डरबीला आले. ऊन चांगले होते, छत्री उघडावीच लागली नाही. मिसेस गेडनींकडे मी खोली घेतली आहे. त्या फाटकातच उभ्या होत्या. माझी पेटी उचलून म्हणाल्या, हिच्यात काय विटा भरल्यात का पोरी, आमच्या गावातही विटा मिळतात हो. खूप दिवसांनी हसले.

खोली लहान, पण उजेडाची. खिडकीखाली कोकरे उड्या मारतात. रात्रीच्या जेवणाला डुकराचे थंड मांस, मोहरी, आणि मनुका घातलेला पाव. दोनदा घेतला.

काम मनासारखे आहे. इथल्या मोठ्या घराचे मालक मेजर हॉथबी यांना त्यांच्या पूर्वजाचे, सर फल्क हॉथबीचे चरित्र हवे आहे. गावच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. तिच्या दुरुस्तीसाठी जूनमध्ये जत्रा भरेल, तेव्हा विकायला छोटी पुस्तिका. या सरदाराने मागे ना पत्र ठेवले ना चित्र. न्यायालयाने, करवसुलीने, राजाच्या कचेरीने जिथे जिथे त्याचे नाव लिहिले, तेवढाच तो उरला आहे. ते चामड्यावरचे लेख लंडनला आहेत. मेजरांनी त्यांच्या फोटोप्रती मागवल्या आहेत. लॅटिन मी शाळेत शिकले आणि जुने हस्ताक्षर वकिलाच्या कचेरीत, खरेदीखते वाचून वाचून.

शिवाय लिंकनच्या घरात राहवत नव्हते. रोज सिरिलच्या खोलीवरून जावे लागे.

८ एप्रिल

चर्चमध्ये गेले. झाडलोट आणि थडगी खणणे पाहणारा जॉब टॉफ बरोबर होता. सर फल्क दगडात पाठीवर झोपला आहे, पायावर पाय टाकून. टॉफ म्हणाला, बाई, सहाशे वर्षं लघवीला लागलीये बिचाऱ्याला, कोणी सोडतच नाही. नाक-डोळे पार झिजून गेलेत. चेहऱ्याच्या जागी साबणाची जुनी वडी असावी तसे गुळगुळीत. टॉफच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या यादवीतल्या शिपायांनी वगैरे काही फोडले नाही, गावच्या बायकांनी फडक्याने पुसून पुसून घालवले.

संध्याकाळी मिसेस गेडनींनी त्यांच्या पेगीबद्दल सांगितले. सात वर्षांची होती, घटसर्प झाला. गवत कापणीचे दिवस. शेवटी चेरी मागत होती आणि चेरी पिकल्या नव्हत्या. हे सांगताना त्या बशी पुसतच होत्या. मी सिरिलबद्दल सांगितले. कोणाला आपणहून सांगण्याची ही पहिलीच वेळ.

१२ एप्रिल

आज डोके तापले आहे.

पहिले कागद वाचून झाले. सर फल्कने शेजाऱ्याचे बैल पळवले. न्यायालयाने बोलावले, हजर राहिला नाही. एका विधवेचे कोठार जाळले. हजर राहिला नाही. राल्फ नावाच्या चर खणणाऱ्या मजुराला त्याने काठीने मारून ठार केले, कारण चर त्याच्या कुरणातून जात होता. त्याबद्दल राजाचा माफीनामा, मेणाच्या मोहरेसकट, कारण सर फल्क लढाईवर गेला होता.

माझा भाऊही चरांवरच काम करायचा. निचरा मंडळाच्या पाण्याच्या फाटकाची साखळी गंजली आहे, हे त्याने दोनदा वर कळवले होते. जानेवारीत पूर आला, रविवार असूनही त्याला बोलावले, साखळी तुटली, आणि फाटकाने त्याला खाली दाबून धरले. मंडळाचा इंजिनियर मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरसमोर इस्त्रीच्या पँटीत उभा राहून म्हणाला की माणूस हलगर्जी होता. कॉरोनरने मान हलवली. सिरिल थर्लबी, वय एकतीस, स्वतःच्या हलगर्जीपणाने. संपले.

माझ्या भावाला एक ओळ, आणि ती खोटी. या दरोडेखोराला सहाशे वर्षे जपलेले गठ्ठे.

मेजरांना फोनवर राल्फचे सांगितले. ते खूश झाले. म्हणाले, उत्तम, जरा रंग येईल पुस्तिकेला.

१५ एप्रिल

आज मात्र एक सुंदर गोष्ट हाती लागली. त्या काळी जन्माची नोंद नसे. वारस पोरका असला की जमीन राजाच्या ताब्यात जाई, आणि तो एकवीस वर्षांचा झाला हे सिद्ध केल्याशिवाय सुटत नसे. मग गावातले बारा जण शपथेवर सांगत की अमका अमक्या दिवशी जन्मला, आणि ते मला आठवते कारण त्याच दिवशी माझ्या घरी हे घडले. एकजण म्हणतो, त्या दिवशी सफरचंदाच्या झाडावरून पडून माझी मांडी मोडली. एकाचे छप्पर जळाले. विल्यम नावाचा गिरणीवाला म्हणतो, त्या दिवशी माझा मुलगा थॉमस पाटाच्या पाण्यात बुडाला, त्याला मी स्वतः बाहेर काढले.

हे वाचून बराच वेळ उठले नाही.

सर फल्क जन्मला सेंट अँटनीच्या सणाला, म्हणजे सतरा जानेवारी. ही तारीख मला लिहून ठेवण्याची गरज नाही. सिरिल त्याच दिवशी गेला.

जेवताना हे सांगितले, तर मिसेस गेडनींना मोठी गंमत वाटली. फल्कचे लग्न कधी झाले विचारू लागल्या. सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या दिवशी, मी म्हणाले. अगं बाई, आमची पेगी गेली तोच दिवस, म्हणजे आता तुझ्या सरदाराचं लग्न मला मरेपर्यंत पाठ. टॉफ कोळसा टाकायला आला होता. त्याचा मुलगा वाळवंटातल्या लढाईत पडला. तोही आपला दिवस जुळतो का बघू लागला. माफीनाम्याशी जुळला.

२१ एप्रिल

नवी पाकिटे आली. कोणीतरी तक्रार केली होती की फल्कचे वय खोटे आहे, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा चौकशी झाली. तेच बारा जण. मांडी मोडलेला आता म्हणतो, कुठूनतरी पडलो होतो. गिरणीवाला विल्यम म्हणतो की त्या दिवशी एक मुलगा बुडाला. कोणाचा, असे विचारल्यावर, ठाऊक नाही. मुलाचे नाव विचारल्यावर, ठाऊक नाही. फल्क जन्मला हे मात्र पक्के आठवते, त्याची दाई, तिचा डोक्याला बांधलेला लाल टापर, घोड्याचा रंग, सगळे.

कारकुनाने घाईत लिहिले असेल.

टॉफ वैतागला आहे. समाधीला कोणी हात लावला म्हणून माझ्यावर डाफरला. जाऊन पाहिले. त्या गुळगुळीत दगडावर ओठांची रेघ आहे. मागच्या वेळी माझ्या लक्षात आली नसावी.

२६ एप्रिल

मिसेस गेडनींनी बाजारातून चेरीचा मुरंबा आणला. मला वाटले पेगीची आठवण म्हणून. मी तसे हळूच म्हणाले. त्या म्हणाल्या, चेरीचं काय? पेगी होय, ती सर फल्कच्या लग्नाच्या दिवशी गेली ना. कशाने, मी विचारले. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, काय तो थाट होता पोरी, कमानीला पांढरी फुलं, आणि नवरी उंबऱ्याला अडखळली.

हे कुठल्याही कागदात नाही. मी सगळे कागद पाहिले आहेत.

त्यांच्या खांद्याला धरून हलवले. पेगीला घटसर्प झाला होता, मी ओरडले, तिने चेरी मागितल्या होत्या. कोणावर इतक्या मोठ्याने ओरडल्याचे मला आठवत नाही. त्या घाबरल्या, आणि मग माझीच कीव करू लागल्या.

२८ एप्रिल

आता समजले. माणसाचे दुःख म्हणजे सर फल्कला हवी असलेली खुंटी आहे. तिच्यावर तो आपला अंगरखा टांगतो, आणि मग खुंटी कोणाला दिसत नाही. बाराही जणांनी त्याला आपले दुःख दिले. तो जगला. ते पुसले गेले.

आणि मी स्वतः काय लिहून बसले आहे ते या वहीत पंधरा तारखेचे पान उलटून पाहिले: सिरिल त्याच दिवशी गेला.

सिरिलच्या आवाजाची आठवण काढली. आला. मला मॉडी म्हणायचा, शेवट ओढून. आला, पण लांबून.

३० एप्रिल

मेजरांकडे गेले. पुस्तिका लिहीन तर खरी लिहीन, असे सांगितले. चोर, जाळपोळ्या, खुनी. आणि वयाचा पुरावाही खोटा. ते मला शेरीचा पेला देत म्हणाले, मिस थर्लबी, रागावता किती, सहाशे वर्षं झाली, राल्फची बायको काही पत्र लिहिणार नाहीये. मी म्हणाले, मी लिहीन. मग ते मऊ आवाजात म्हणाले की भावाच्या दुःखाने माझ्या डोक्यात सरमिसळ होते आहे. भाऊ कधी गेला? सर फल्क जन्मला त्या दिवशी, ना?

मी हो म्हणाले.

हो म्हणाले! सतरा जानेवारीला असे म्हणाले नाही, पुरात असे म्हणाले नाही, गंजलेल्या साखळीने मारला असे म्हणाले नाही. त्या माणसाच्या गालिच्यावर उभी राहून, हो म्हणाले. कॉरोनरसमोरही मी अशीच मान खाली घालून बसले होते.

शेरी त्यांच्या शेगडीत ओतली. मग निघून आले.

४ मे

जत्रेसाठी मेजर सर फल्कवर नाटकही बसवत आहेत, दुपारी चर्चमध्ये त्याची तालीम. बारा पंच शपथ घेतात तो प्रवेश. गावातले अकराजण बाकावर बसले होते, हातात मेजरांनी टाइप करून दिलेले संवाद. कोणी वाचलेच नाहीत. पाववाला उठला आणि म्हणाला, त्या दिवशी माझी बायको बाळंतपणात गेली. खाली बसला, हसला. पोस्टातली बाई म्हणाली, त्या दिवशी माझ्या आईने विहीर जवळ केली. बसली, हसली. टॉफ म्हणाला, त्या दिवशी माझा मुलगा... आणि टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, माफीनाम्याचं मेण काय हिरवंगार होतं म्हणून सांगू.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. तुमचा मुलगा, टॉफ. नाव काय त्याचं? नाव सांगा! तो म्हणाला, बाई, घसा बसेल, चर्चात ओरडू नये.

ऊन रंगीत काचेतून थेट समाधीवर पडले होते. त्याला आता चेहरा आहे. नाक कोणाचे, कपाळ कोणाचे ठाऊक नाही, लहान मुलीची हनुवटी आहे. डोळ्यांच्या जागा अजून कोऱ्या.

मेजर म्हणाले, बारावा कमी आहे, मिस थर्लबी.

नाही म्हणाले. बाराव्या जागेवर थुंकले आणि निघाले.

५ मे

बस नाही. म्हणजे आहे, पण ड्रायव्हरने मला विचारले, कुठे. मला घराचे नाव — लिंकन. आता आठवले. तेव्हा आठवले नाही.

फोटोप्रती मिसेस गेडनींच्या चुलीत घातल्या. जळाल्या. काही फरक पडला नाही. तो कागदात नाही आता.

म्हणून इथे लिहिते. एकेक. हे तो घेणार नाही, मी शाईने बांधून ठेवते. सिरिल. डावखुरा. शिळा चहा प्यायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी त्याला — मी त्याची दाई — नाही. बहीण. मी त्याची बहीण. दाईचा टापर लाल होता. दाई नव्हतीच!

चोर. हरामखोर चोर.

६ मे

ते खाली आहेत. अकराही. भांडत नाहीत, चहा पितात. मिसेस गेडनी जिन्यातून हाक मारतात, ये ना पोरी, एवढं काय धरून बसलीस, सोडलं की हलकं वाटतं.

हलके नको आहे मला. माझे आहे ते. जड असू दे.

डोळे. त्याचे डोळे करडे होते. सिरिलचे. करडे की — लिहिले आहे, करडे. डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका. हे कोणत्याही दफ्तरात नाही, कोणा इंजिनियरला, कोणा राजाच्या कारकुनाला ठाऊक नाही, फक्त मला

चर्चकडून कोणी आले. जॉब टॉफ सांगतोय मोठ्याने, बघा तर खरं येऊन, आज त्याने डोळे उघडले, करडे आहेत, आणि डाव्यात —

नाही

नाही, परत दे. तो माझा. त्याचे बूट मी सोडवले, नाडी भिजून फुगली होती, दातांनी सोडवली, चिखलाची चव — ही चव माझी आहे, ही मी विसरणार नाही, शपथेवर सांगते, मला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्याच दिवशी माझा