खिडकीतल्या बाटल्या

पुणे, १२ एप्रिल १९८३

तीर्थरूप बाबा,

तुमच्या अन् आईच्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, मेसचं जेवण आता अंगाले लागून राह्यलं. तुम्ही पाठवलेला शेवग्याचा वाळला पाला पोचला.

तेल खवट होऊ नये म्हणून त्या पाल्याचा अर्क आम्ही जवसाच्या तेलात टाकून पाह्यला. अर्ध्या बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या, अर्ध्या खिडकीत उन्हात. कपाटातलं तेल अजून ताजं आहे. खिडकीतलं मात्र खवट झालं. उन्हात अर्काचा जोरच जाते.

परवा माझ्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं. म्हणाले, "प्रबंधात फक्त कपाटातल्या बाटल्या घ्या. खिडकीत काही ठेवलंच नव्हतं असं समजा."

मी म्हटलं, "सर, आमच्या वडनेरला दुकानात तेल उन्हातच असतं. लोक अर्काचं तेल भरवशानं घेतील अन् ते खवट निघेल."

"मग दुसरे मार्गदर्शक शोधा," एवढं बोलून ते उठले.

बाबा, तरी मी दोन्ही निकाल लिहिले अन् आज सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवले. अजून बोलावणं आलं नाई. दार वाजलं की हातातलं टाकून उठते.

तुमचा खोकला कमी झाला का? लाल गाय व्याली का?

आईले पत्र वाचून दाखवताना सरांचं सारं गाळजा. तिची झोप उडन. मी अचानक घरी आली, तर सुट्टी मिळाली असं सांगजा.

तुमची लेक,
कुमुद