वरवंटा आधी पोचतो, अप्पा

अप्पा, आज बारावीच्या वर्गात उतारावरून घरंगळणाऱ्या नळकांड्यांचं गणित शिकवताना मला तुमचा असा राग आला की हातातला खडूच मोडला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागवून काय उपयोग? तरी राग येतो. केजच्या आपल्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या. मी बारावीत गेले होते, आणि बीडला मावशीकडे राहून क्लास लावला तरच माझ्या इंजिनियरिंगचं काही खरं होतं. तुमची अट एकच. "जे शिकायला चाललीस ते आदी मला पटव. पटलं तर जा, न्हाई तर हितंच ऱ्हा." आणि पुस्तक उघडून तुम्ही बोट ठेवलंत ते नेमकं याच गणितावर.

एक नळकांडं भरीव, एक पोकळ. वजन सारखं, उतारावरून सोडायची उंची सारखी. खाली आधी कोण पोचेल? पुस्तक म्हणत होतं, भरीव. तुम्ही म्हणालात, "कावून? तराजूत दोनी सारके, मग दोनी संगंच पोचणार." जन्म तराजूमागे गेलेल्या माणसाला वजनापलीकडेही काही असतं हे कोण सांगणार! मी सांगितलं. उंचीवरून मिळणारी ऊर्जा दोघांना सारखीच, पण पोकळाचं सगळं वजन कडेला, त्यामुळे त्याची जास्त ऊर्जा फिरण्यातच जाते आणि पुढं पळायला कमी उरते. जेवताना सांगितलं, गूळ फोडताना सांगितलं. तुमचं आपलं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मी आईचा सरळसोट वरवंटा पळवते, रुंद पाइपचा एक तुकडा आणते, आणि वजन जुळेपर्यंत पाइपच्या आतून कणीक थापत राहते. "चपात्याला कणीक न्हाई आन् तुमी पायपाला चारताव व्हय?" म्हणून आई ओरडते. वजन तुम्ही स्वतः करता, काटा स्थिर होईपर्यंत डोळे बारीक करून. दुकान बंद करायची फळी पायऱ्यांवर तिरपी टेकवतो. सोडते. वरवंटा आधी! तुम्ही म्हणता, फळी वाकडी हाय. फळी उलटी करते, पुन्हा वरवंटा आधी. तुम्ही म्हणता, तू बोट लावलंस. साखर घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही सोडायला लावता, तरी वरवंटाच. "लई गुळगुळीत हाय त्यो," असं म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळता, आणि मी फळीपाशी रडकुंडीला येऊन उभी. माझं पुढचं सगळं आयुष्य एका पाइपवर अडलं होतं, अप्पा, आणि तुम्ही साखर मोजत होतात.

क्लास सुरू व्हायचा दिवस आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चल, तुज्या सरालाच इचारू. त्यानं बी न्हाई पटवलं तर वापस." आईनं गुपचूप माझी पिशवी भरून दिली. एसटीत मांजरसुंब्यापर्यंत आपण भांडलो, पुढं मी पुस्तकात तोंड खुपसलं. क्लासच्या दारात, आत सगळी पोरं बघत असताना, तुम्ही प्रश्न विचारलात. सरांनी फळ्याकडे वळायचीही तसदी घेतली नाही. हातावरचा खडू झटकत म्हणाले, "पोकळाची जास्त ऊर्जा फिरण्यात जाते, काका. पळायला कमी उरते." तुम्ही लगेच मान डोलावलीत. "असं व्हय!"

असं व्हय? मी काय वेगळं सांगत होते? तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत, आणि तुमचा विचार बदलेल या भीतीनं मी ते गिळलं. वर आईनं नंतर सांगितलं की गावी जाऊन तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला फळी लावून हाच खेळ दाखवत होतात, "बीडच्या सरानं सांगितलंय" म्हणून. पाइप माझा, कणीक आईची, आणि नाव सरांचं! मी इंजिनियर झाले, पुढं शिकवायला लागले, त्याचा तुम्हाला अभिमान होता हे मला ठाऊक आहे. तुम्ही चारचौघांत सांगायचात. पण माझ्याकडून ऐकून तुम्हाला कधी काही पटलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

हे पत्र कुठं टाकणार? राहू दे माझ्याकडेच. फक्त एक सांगते, रागातच सांगते. आजही फळ्यावर हे गणित सोडवून झालं की मी लगेच पोरांकडे वळत नाही. पाठमोरीच थोडी थांबते, मागून कुणी तरी "असं व्हय" म्हणेल म्हणून.