डाव्या पंखाची पुढची काडी

बेंगळुरू, १ डिसेंबर २०२४

ती. नाना यांस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

आईने पाठवलेले विमानाचे चारही फोटो मिळाले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई निरोप देताना निम्मे आकडे गाळते, म्हणून पत्र.

माझं दहावीच्या सुट्टीतलं दुपंखी विमान तुम्ही माळ्यावरून काढलंत, मला न विचारता शाळेच्या नव्या विज्ञानखोलीला कबूल केलंत, आणि पाटीवर माझं नाव घालायचंही ठरवलंत. तिन्हींबद्दल मला बोलायचं आहे. ते नंतर. आधी तुम्ही पंखांमध्ये ओढलेल्या तारा.

वरचा उजवा पंख टोकाला पिळला आहे. फोटोवर पट्टी ठेवून मोजलं, मागची कड साधारण आठ मिलिमीटर खाली आहे. मी इथे दिवसभर वाऱ्याच्या बोगद्यात पंख तपासते. वाकड्या पंखावर माझं नाव चालणार नाही. तारा कोणत्या क्रमाने ओढल्यात ते कळवा. आईला विचारू नका, तिला सगळं छानच दिसतं.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

आपली,
योगिनी

•

दिंडोरी, ८ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. तारा द्राक्षांच्या मांडवाच्या ओढतो तशाच ओढल्या. डाव्या टोकाला पक्की बांधली, सगळ्या काड्यांतून ओवत नेली आणि उजव्या टोकाला पकडीने ताणली. आपला मांडव असाच उभा आहे, त्यावर टनाने माल लोंबतो. तुझ्या विमानावर काय लोंबणार आहे? शेजारचा धोंडीराम म्हणाला, अजून जरा ओढा. ओढली.

आता ती कापा असे म्हणू नकोस. ताणलेली तार मी जन्मात कापलेली नाही.

एक लिहायचे राहते ते लिहितो. त्या एप्रिलात छाटणीला माणूस मिळत नव्हता आणि तू ओट्यावर हे घेऊन बसलेली. मी बोललो, विमानानं द्राक्षं येत नाहीत. दुसऱ्या दिवशी तू ते तसेच बिनतारेचे माळ्यावर टाकलेस. बारा वर्षे झाली, मी त्या माळ्याकडे मान वर करून बघत नव्हतो. शाळेने काही मागितले नव्हते, मीच उज्वला मॅडमकडे जाऊन सांगितले. सव्वीस जानेवारीला ते पुरे झालेले मला बघायचे आहे.

तुझी आई साळूबाई आशीर्वाद सांगते. जेवत जा.

तुझा,
नाना

•

बेंगळुरू, १५ डिसेंबर २०२४

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या भागाला आज उत्तर देत नाही.

तारा कापाव्या लागतील. मांडवाचा शेवटचा खांब जमिनीत गाडलेला असतो आणि बाहेरून ताण दिलेला असतो, म्हणून तो एका बाजूची ओढ सोसतो. पंखाचं टोक हवेत आहे. तुम्ही डावीकडून बांधून उजवीकडे ओढलंत, म्हणून उजवा पंख तारेमागे गेला.

तार नको. सोबत मासे धरायचा बारीक नायलॉन दोरा पाठवते. दोन पंखांमध्ये सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा. पंख सरळ ठेवायचं काम ठोकळ्यांचं, दोऱ्याचं नाही. दोऱ्याचं एक टोक विमानाच्या अंगाशी चिकटवा, दुसरं पंखाच्या भोकातून काढून त्याला कपड्यांचा चिमटा लटकवा. तेवढी ओढ पुरते. हाताने ओढायचं नाही. मग भोकात सुईने फेव्हिक्विकचा एक थेंब. एक दोरा डावीकडे, त्याचा जोडीदार उजवीकडे, मगच पुढचा. शेवटी दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजा. कुठे सैल राहिला तर पेटती उदबत्ती जवळून न्या, दोरा आक्रसतो. टेकवलीत तर तुटेल.

धोंडीरामकाकांना या कामात फक्त चहा द्यावा.

लोभ आहेच, तो वाढू द्या.

आपली,
योगिनी

•

दिंडोरी, २६ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

तू सांगितलेस म्हणून कापायला बसलो. पहिली तार तुटली तशी झटका देऊन मागे गेली आणि डाव्या पंखाची पुढची काडी मधोमध मोडली. तीन दिवस विमानावर चादर टाकून ठेवली. आईने ओळखले. ती म्हणाली, पोरीला लिहा.

ती काडी तू कोयत्याने बांबू तासून केली होतीस, बोट कापून घेतले होतेस. आधी तुझे काम बंद पाडले, आता काडी मोडली. मला हे जमायचे नाही. येत्या तीन तारखेला शुक्रवारी शाळेत जाऊन मॅडमना नाही सांगून येतो. विमान परत माळ्यावर ठेवतो.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
नाना

•

बेंगळुरू, १ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेत जाऊ नका. हे पत्र शुक्रवारच्या आत पोचणार नाही, म्हणून आईला फोन केला आहे, त्या दिवशी तुमच्या चपला लपवायला सांगितलं आहे.

ती काडी तुम्ही मोडली नाहीत. मोडलेल्या जागी भिंगातून बघा. आत जुना पिवळा डिंक आणि लाकडाचा भुसा दिसेल. तो मी भरला. तुम्ही छाटणीचं बोललात त्याच्या आधी, त्याच दुपारी, मी दोरा हाताने ओढला आणि काडी गेली. वरून रंग दिला. मोडलेलं कोणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून विमान माळ्यावर टाकलं. तुमचं वाक्य आयतं मिळालं.

कॉलेजात आणि इथल्या मुलाखतीतही मी सांगत आले की वडिलांनी विमान पुरं करू दिलं नाही. ऐकणाऱ्यांना वाईट वाटायचं. मी वाटू दिलं. आईचे फोटो आले तेव्हा मी सगळ्यात आधी तीच काडी पाहिली होती. रंग शाबूत दिसला, म्हणून गप्प बसले आणि उजव्या पंखाबद्दल लिहिलं.

तुम्ही माळ्याकडे बघत नव्हता हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं, असं लिहायचं होतं. तशी खात्री नाही.

पाटीवर माझं एकटीचं नाव नको. नवी काडी मी तासते आहे. चोवीस तारखेला सकाळी द्वारका चौकात बसमधून उतरते.

रागावलात तरी चालेल. पण उत्तर द्या.

आपली,
योगिनी

•

दिंडोरी, ८ जानेवारी २०२५

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

शुक्रवारी चपला सापडल्या नाहीत. तुझे पत्र वाचल्यावर, आता सापडल्या तरी उंबऱ्याबाहेर जायचे नाही असे ठरवले, इतका राग आला. भिंगातून बघितले. डिंक आहे. तो राग दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी धोंडीरामला सगळे सांगायला बसलो आणि अर्ध्यातच हसायला लागलो. त्याला काही कळले नाही. आईला कळले, ती आत निघून गेली.

त्या एप्रिलानंतर मी तुला बागेत कधी बोलावले नाही. सुट्टीला आलीस तरी नाही. जीभच उचलत नव्हती. तू समजलीस की नाना शिकलेल्या पोरीला जपतात.

तर आता ऐक. तोडणी वीस तारखेला सुरू होते. माणसं लय कमी आहेत. चोवीसला येऊन चालणार नाही, एकोणीसला ये. दुपारी विमान, सकाळी बाग. साहेबांना काय सांगायचे ते खरे सांग. जुने कपडे आण, कात्री मी देतो.

तुझा,
नाना